कुंपणाबाहेरचं शून्य

पिशवीत किरकिर सुरू झाली तेव्हा मला आधी फोनच वाटला. मोठ्या साहेबांचा असणार, दुसरं कोण सकाळी सकाळी जीव खाणार. मी ताईच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो होतो, हातात चहाचा कप, पायाशी पिशवी. ताई बाहेरच्या खोलीत इस्त्री करता करता मला बजावत होती, की दुपारी मंत्री टेकडीवर आले की तिला पुढच्या रांगेत खुर्ची हवी, कारण कचऱ्याचा वास घालवला तो तिच्या भावाने, मंत्र्यांनी नव्हे. मधेच ती हँगर घ्यायला आत आली आणि पिशवी तिच्या पायात आली. "नाकतोड्या, तुझं हे गाठोडं बाजूला घे की," ती म्हणाली. लहानपणी मी हडकुळा आणि लांब तंगड्यांचा होतो, तेव्हापासून तिच्या तोंडी मला हेच नाव. मी पिशवी पायानेच न्हाणीघराच्या दाराशी सरकवली आणि किरकिर सुरू झाली. फोन खिशात गप्प होता. ओरडत होतं ते मीटर. मी कप खाली ठेवला, आणि बशीवर ठेवताना त्याचा आवाज होऊ नये म्हणून जिवापाड काळजी घेतली. का घेतली ते माझं मलाच कळलं नाही. चहाखालचा गॅस बंद होऊन फार वेळ झाला नव्हता, हे मात्र त्याच क्षणी लख्ख आठवलं.

हे मीटर म्हणजे विटेएवढं पिवळं यंत्र. पुढे एक नळी असते, तिच्यातून ते हवा ओढतं आणि हवेत मिथेन किती ते सांगतं. कचरा आत कुजला की हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जग तापवायलाही तो पुरतो आणि घर उडवायलाही. आपल्या देशाने बाहेर चारचौघांत शब्द दिला, की आम्ही मिथेन कमी करून दाखवू. त्या शब्दापायी सरकारने आमचा कक्ष काढला. कक्षात मी, माझा मदतनीस आणि एक कुरकुरणारा पंखा. मदतनिसाला सगळे पावशेर म्हणतात, कारण त्याच्या अंगावर त्याहून जास्त मांस नाही. आम्हाला काम मिळालं ते शहराच्या कचऱ्याच्या टेकडीचं, आणि ती टेकडी नेमकी ताईच्या मागच्या दाराशी संपते. मी देव वगैरे फारसा मानत नाही, पण त्या दिवशी मला वाटलं होतं, की कोणीतरी वर बसून माझं ऐकलं.

कारण हा वास माझ्या अंगावर वाढलेला आहे. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो, ताईने मला वाढवलं. भाऊजी कचऱ्याचा ट्रक चालवायचे, म्हणून लग्नानंतर ती इथे राहायला आली आणि मलाही घेऊन आली. दूध नासलंय का बघायचं असलं की ती पातेलं माझ्यापुढे धरायची, "नाकतोड्या, हुंगून बघ." तिचं स्वतःचं नाक त्या वासाने केव्हाच बधिर झालं होतं. माझं नाही झालं. मी शिकलो, नोकरीला लागलो, दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर घर घेतलं. भाऊजी गेल्यावर शंभर वेळा म्हटलं असेन, माझ्याकडे चल. "आणि गिऱ्हाइकांचे कपडे कोण शिवणार, तुझी बायको?" माझ्या लग्नात ती सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसली. नवरामुलगा मी, आणि मला वाढवणारी बाई दाराशेजारी, पंख्याच्या वाऱ्याला पाठ करून. मी उठून तिच्याकडे गेलो तर म्हणाली, "दोनदा धुतलेत कपडे, तरी तुझ्या सासरच्यांना कशाला?" तो दिवस मी अजून गिळलेला नाही. म्हणून टेकडीवर मातीचं झाकण पडलं, त्याखाली जाड प्लास्टिक गेलं, वास आठवड्या-आठवड्याने उतरत उतरत एका सकाळी पार नाहीसा झाला, आणि ताईने मागची खिडकी उघडून तिच्या काठावर कोपर टेकून चहा घेतला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं, त्यात लाजायचं काय. ती खिडकी मी उघडलेली कधी पाहिलीच नव्हती. त्यानंतर गल्लीत जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, "माझ्या भावाने वास घालवला."

मीटर हातात घेऊन मी न्हाणीघराच्या पाणी जायच्या जाळीपाशी वाकलो. आकडा वर पळाला, पळाला आणि मग आलाच नाही. पडद्यावर नुसत्या रेघा. रेघा म्हणजे मोजायच्या पलीकडे. माझा पहिला विचार काय होता, तर मीटर बिघडलं. माणसाचं मन किती लबाड असतं. काल मी ते घरी नेलं होतं, मंत्र्यांसोबत फोटो निघणार म्हणून पुसायला, आणि सकाळी माझ्याच गच्चीत चालू करून शून्य केलं होतं. एरवी ते ताईच्या कपाटात असायचं. ऑफिस लांब, रोज कोण ने-आण करणार. पावशेर सकाळी यायचा, ताईचा चहा प्यायचा, तिच्या बाहेरच्या खोलीत उभा राहून मीटर चालू करायचा, शून्याचं बटण दाबायचा आणि टेकडी चढायचा. मीटरला स्वतःची अक्कल नसते. चालू केलं की त्याला स्वच्छ हवा दाखवून सांगावं लागतं, हे तुझं शून्य. मग दिवसभर ते त्या शून्याच्या वर किती तेवढंच सांगतं. आमची स्वच्छ हवा कोणती, तर ताईच्या खोलीतली. टेकडीच्या कुंपणाच्या बाहेरची म्हणून स्वच्छ.

आणि मग एकदम उणे आठवलं. अलीकडे टेकडीच्या माथ्यावर मीटर शून्याच्याही खाली जायचं. पावशेर म्हणाला होता, "साहेब, टेकडी आता श्वास आत घेते वाटतं." आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. मोठ्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "उणे कसलं कळवता, शून्य कळवा. बाहेरचे लोक वेड्यात काढतील." टेकडी काही श्वासबिस घेत नव्हती. माथ्यावरच्या हवेपेक्षा माझ्या बहिणीच्या खोलीतली हवा वाईट होती, आणि तिला आम्ही रोज सकाळी शून्य म्हणत होतो. चहा पिऊन म्हणत होतो. वरून झाकलेला वायू जाणार कुठे, तो आडवा सरकणार, भेगांतून, जुन्या गटारांतून, आणि जाता जाता माती त्याचा वास गाळून घेणार. हे मी परीक्षेत लिहून आलोय. आराखड्यात आधी नळ्या होत्या, वायू ओढून घेणारा पंप होता, झाकण नंतर. पण पंपाची वीजजोडणी अडकली, प्लास्टिक लवकर आलं, वर्षाचा आकडा द्यायची तारीख अंगावर आली. आकाशातून, उपग्रहावरून बघणाऱ्यांना टेकडीचा माथा दिसतो, माथ्यावर आकडा पडला की झालं. आज दुपारी टेकडीच्या वायूची म्हणून मंत्री जी ज्योत पेटवणार होते, तीसुद्धा पडद्यामागे ठेवलेल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालणार होती. त्यावर मी काल विनोदही केला होता.

"ते बंद कर बाबा, डोकं उठलं," ताई बाहेरून म्हणाली. मी वळून बघितलं आणि मला इस्त्रीवरचा लाल दिवा दिसला. इस्त्री तापली की तो विझतो, गार व्हायला लागली की आत टक् होतं आणि तो पुन्हा लागतो. त्या टक्‌मध्ये एक ठिणगी असते, डोळ्यांना न दिसणारी. वर्षानुवर्षं ही बाई इस्त्री करतेय, हजारो वेळा ते टक् मी ऐकलं असेल, या घरात अभ्यास करताना त्याच आवाजावर झोपी गेलोय. दिवा विझलेला होता. म्हणजे आता लागणार. मी मीटर समोर धरून तिच्या दिशेने गेलो. बाहेरच्या खोलीत आकडा पुष्कळ कमी होता, दार उघडं होतं म्हणून. पण होता, आणि स्थिर नव्हता.

"ताई, इस्त्री उभी करून ठेव आणि बाहेर चल."

"एवढी कॉलर होऊ दे. गिऱ्हाईक येईल आता."

"बंद करू नको, बटणाला हात लावू नको. नुसती ठेव आणि चल."

तिने माझ्याकडे बघितलं. मला तिच्यावर संताप आला, खरं सांगतो, त्या क्षणी तिची ती शांत, लहान मुलाची समजूत काढणारी नजर मला सहन होईना. "गॅस आहे घरात," मी म्हणालो. तिने नाक वर करून दोनदा वास घेतला. "कुठे येतोय? सिलिंडर कालच बदललाय, नळी नवी आहे."

"सिलिंडरचा नाही. त्यात मुद्दाम वास घातलेला असतो, कळावं म्हणून. याला वास नाही."

"मग आहे कुठला?"

"टेकडीचा."

"टेकडीचा वास तर तू घालवलास," ती म्हणाली. टोमणा नव्हता, साधंच म्हणाली. इस्त्रीचा दिवा अजून विझलेला होता. "वास घालवला, ताई. वायू तुझ्याकडे आला." तिने इस्त्री उभी केली. हातातला शर्ट मात्र सोडला नाही, गिऱ्हाइकाचा होता ना. मी तिचा दंड धरला. किती बारीक झालाय हिचा दंड, हे त्याही वेळी मनात आलं. त्या खोलीतून दारापर्यंत जाताना मी शिलाई मशीनला वळसा घातला, कापडांच्या ढिगाला वळसा घातला, भाऊजींच्या फोटोखालचा छोटा विजेचा दिवा जळताना बघितला आणि त्याच्याकडेही हात गेला नाही. आम्ही उंबऱ्यात होतो तेव्हा मागे टक् झालं. मी डोळे मिटले. ताई म्हणाली, "काय झालं?" काही झालं नव्हतं. बाहेर एक मुलगी सायकल शिकत होती आणि तिची आई तिला ओरडत होती.

नंतरचं मी केलं की माझ्या हातापायांनी केलं, माहीत नाही. ओळीच्या टोकाला भिंतीवर सगळ्या घरांची विजेची पेटी आहे, बाहेर, उघड्यावर. तिथला मुख्य खटका मी खाली ओढला. मग एकेक दार. घरं एकमेकांना चिकटलेली, सगळ्यांची न्हाणीघरं टेकडीच्या बाजूला. बेल वाजवायची नाही, तेवढं शिकवलेलं असतं आम्हाला. मी तळहाताने दारं बडवत गेलो. लोक वैतागून बाहेर आले. कोणाची अंघोळ राहिली होती, कोणाचं पीठ अर्धवट मळलेलं. ज्या आजोबांना मी लहानपणापासून ओळखतो ते म्हणाले, "वास तर काही येत नाही." मी म्हणालो, तेच तर. ते माझ्याकडे असे बघत राहिले की पोराला ऊन लागलं असावं. ताई पलीकडच्या फुटपाथवर शर्ट छातीशी धरून उभी होती, आणि मी हाकललेला प्रत्येक माणूस तिच्याकडेच जात होता. तुझा भाऊ काय करतोय, असं तिलाच विचारत होता.

अग्निशमनवाल्यांना फोन लावला. ते निघतो म्हणाले, पण मंत्र्यांच्या गाड्यांसाठी चौक अडवलाय, लांबून यावं लागेल. पावशेर वर मांडवात खुर्च्या मोजत होता, त्याला खाली बोलावलं. मग मोठे साहेब. त्यांचा आवाज खुशीत होता, मागे ध्वनिक्षेपकाची चाचणी चालली होती. मी सांगितलं, पायथ्याच्या घरांत वायू भरलाय.

"कुंपणाच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"मग तो आपला नाही. अहो, असं काय करता. बाहेरचं सगळं नगरपालिकेचं. उद्या पत्र देऊ त्यांना."

"उद्यापर्यंत घरं राहायला हवीत."

"मीटर हललं असेल. तुम्हीच सांगता ना, प्रवासात बिघडतं म्हणून. असं करा, तिथेच शांत उभे राहा आणि पुन्हा शून्य करून बघा."

मी पिवळ्या यंत्राकडे बघितलं. साहेब माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी त्यांनी स्वतः खटपट केली होती. आणि ते म्हणत होते ते अगदी शक्य होतं. ताईच्या बाहेरच्या खोलीत उभं राहायचं, बटण दाबायचं, आणि किरकिर थांबली असती. सगळं पूर्वीसारखं. माथ्यावर पुन्हा उणे, ते शून्य म्हणून कळवायचं, दुपारी ज्योत, टाळ्या, पुढच्या रांगेत ताई. देशाने शब्द पाळला. आणि वायू? तो वीजजोडणी होईपर्यंत थांबला असता, कदाचित. इतके दिवस थांबलाच होता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि नुसतं आलं नाही, थोडा वेळ बसलं. बोट बटणाच्या जवळ होतं. तेवढ्यात कानात पुन्हा ते टक् झालं. विजेचा खटका तर मी स्वतः ओढला होता, इस्त्री मेलेली होती, तरी झालं. ते पुढे कितीतरी रात्री होत राहणार हे मला तेव्हाच कळून चुकलं.

"साहेब, मी कुंपणालगत चर काढतोय," मी म्हणालो. "प्लास्टिक कापून. वायूला वर वाट देतो, म्हणजे घरांकडे येणार नाही."

पलीकडे ध्वनिक्षेपक एक-दोन-तीन म्हणत होता. "मंत्र्यांसाठी अंथरलेली हिरवळ जाईल," साहेब म्हणाले. आवाज आता हळू होता. "आकडा जाईल. आणि तुम्हीही जाल, हे लक्षात ठेवा."

"बरं," मी म्हणालो.

फाटकाशी जेसीबीवाला उरलेल्या हिरवळीच्या गुंडाळ्या उतरवत होता. मी त्याला पायथ्याची कड दाखवली आणि म्हणालो, खण. तो म्हणाला, "साहेब, कालच अंथरलीय, मीच अंथरलीय." मी म्हणालो, मग तुला माहीतच आहे कुठून उचलायची ती. त्याने वर मांडवाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, विडी खिशातून काढली होती ती मी सांगितल्यावर परत ठेवली. सावकाश, दगडावर दात घासू देऊ नको, असं म्हणत मी त्याच्या पुढे पुढे उलटा चालत होतो, मीटर खाली धरून. हिरवळ सालीसारखी निघाली. मग माती, घट्ट दाबलेली, ज्या मातीच्या थराची जाडी मी स्वतः पट्टी घालून तपासली होती. मग काळं प्लास्टिक. दात त्यात शिरले तेव्हा ते फाटलं नाही, नुसतं ताणलं गेलं, फुगलं, आणि मी जेसीबीवाल्याला मागे हो म्हणून हात केला. पावशेर धावत आला होता. त्याने लांब काठीला पाती बांधून आणली होती. ते त्याचं डोकं, मी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी वाऱ्याच्या बाजूला उभं राहून लांबूनच ते चिरलं.

आणि तो आला. आवाज नाही, काही नाही, नुसता वास. सडकी अंडी, ओला पुठ्ठा, कुजका भाजीपाला, आणि त्याखाली एक गोडसर, जुना वास, ज्याला नाव नाही पण जो मी डोळे बांधूनही ओळखीन. शाळेच्या दप्तराचा वास. ताईच्या धुतलेल्या कपड्यांचा वास. जेसीबीवाल्याने गळ्यातला रुमाल तोंडावर ओढला. पावशेर खोकत सुटला. मी छाती भरून तो वास घेतला, मूर्खासारखा, दोन-तीनदा. मग जेसीबीला पुढे खणायला सांगितलं. ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत चर नेला. हिरवळीच्या पट्ट्या उताण्या पडल्या होत्या. वर मांडवात लोक उभे राहून खाली बघत होते, आणि त्यांतला एक नाकाला रुमाल लावून हातवारे करत होता. फोन खिशात वाजत होता, थांबत होता, परत वाजत होता.

अग्निशमनवाले पोचले तेव्हा त्यांनी घरांची मागची-पुढची दारं बाहेरून उघडली आणि पावशेर त्यांच्यासोबत माझं मीटर घेऊन गेला. तो जाताना विचारायला वळला, "साहेब, शून्य करून घेऊ?" आणि वाक्य संपायच्या आतच त्याचा चेहरा उतरला. त्यालाही तेव्हाच कळलं. इतके दिवस चहा पिऊन बटण दाबणारा तोच होता. "नको," मी म्हणालो, "आहे तसं ने." खूप वेळाने तो ताईच्या मागच्या दारात आला, जाळीकडे बोट दाखवून म्हणाला, "रेघा गेल्या. आकडा दिसायला लागलाय." आकडा अजून वाईटच होता. पण आकडा होता, आणि तो बघत असतानाच खाली उतरत होता.

मी रस्ता ओलांडून फुटपाथवर गेलो. आता तिथे अख्खी ओळ जमा झाली होती, सगळ्यांचे हात नाकावर. काही आठवड्यांमागे ज्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती ते तोंड फिरवून उभे होते. सायकलवाल्या मुलीची आई कोणालातरी मोठ्याने सांगत होती, की आता कुठे माणसात आलो होतो, पाहुणे यायला लागले होते, कोणी आणली ही घाण परत. लांब चौकातून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. जवळ येत होते की वळून चालले होते ते कळत नव्हतं. मी ताईजवळ उभा राहिलो. शर्ट तसाच छातीशी होता, एक बाजू कडक, एक बाजू चुरगळलेली. मला तिला सांगायचं होतं, की खुर्चीचं काही जमणार नाही, की खिडकी पुन्हा बंद ठेवावी लागेल, की पंप बसेपर्यंत माझ्याकडे चल. तिने नाक वर केलं, मघासारखंच, दोनदा वास घेतला. या खेपेला तिला तो आला.

"अहो, कोणी केलं हे?" ती बाई आता सरळ ताईलाच विचारत होती.

"माझ्या भावाने," ताई म्हणाली. वास गेला तेव्हा ज्या आवाजात ती हे सगळ्या गल्लीला सांगत होती, अगदी त्याच आवाजात म्हणाली, आणि हातातला शर्ट नीट घडी घालून माझ्या खांद्यावर ठेवला.